मळखाऊ

या प्रकरणातून कलाकारांच्या पदरात पडण्यासारख्या गोष्टी तीन होत्या, आणि रजेच्या पहिल्या सकाळी दात घासता घासता त्यांनी त्या मनातल्या मनात ओळीने लावूनही टाकल्या होत्या. एक, आठ दिवसांची भरपगारी सुट्टी, जिचं कंपनीच्या कागदावरचं नाव 'प्रेरणा रजा' असं होतं. दोन, परत गेल्यावर खिडकीजवळची खुर्ची. सध्याची खुर्ची चाचणीघराच्या भिंतीला लागून होती आणि भिंतीपलीकडे दिवसभर कोणीतरी फरशीवर काहीतरी आपटत असे. आणि तिसरी गोष्ट, म्हणजे खरं तर एकच, कारण पहिल्या दोन त्यांनी तिसरीला सोबत म्हणून धरल्या होत्या: फरशीच्या उजव्या कोपऱ्यात, दर्शनी बाजूला, त्यांची स्वतःची सही.

कलाकार हे काही त्यांचं नाव नव्हे. फरश्यांच्या त्या कारखान्यात बाकीचे सगळे भट्टी लावत, माल मोजत, माल विकत, आणि हे एकटे बसून चित्रं काढत. म्हणून सगळे त्यांना कलाकार म्हणत, आणि म्हणताना तोंडाचा एक कोपरा जरासा वर नेत. एकोणीस वर्षांत त्यांनी चारशेच्या वर फरश्या काढल्या होत्या. त्यात त्यांची अशी एकही नव्हती. संगमरवरासारखी दिसणारी फरशी, लाकडासारखी दिसणारी, तागासारखी दिसणारी, एकदा तर निव्वळ फरशीसारखी दिसणारी, म्हणजे शेजारच्या कारखान्याच्या. समोर नमुना ठेवायचा आणि हुबेहूब उतरवायचा. हात असा तयार झाला होता की, समोर नमुना नसला तर तो टेबलावर नुसता पडून राही.

कारखान्याचा धर्म एकच, मळखाऊपणा. नवी नक्षी आली की ती चाचणीघरात अंथरली जाई. मग तिच्यावर चहा सांडायचा, केस टाकायचे, चिखलाच्या बुटांनी चालायचं, आणि सहा फुटांवर दोन जुन्या हिशेबनिसांना उभं करायचं. दोघांची निवृत्ती जवळ आलेली, दोघांचे चष्मे जाड. गिऱ्हाइकाची नजर साधारण अशीच असते, असं विक्रीप्रमुखांचं मत होतं. हिशेबनिसांना काही दिसलं तर नक्षी बाद, काहीच दिसलं नाही तर पास. थोडक्यात, ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जाणार नाही असं चित्र काढण्याबद्दल कलाकारांना दरमहा पगार मिळत होता, आणि ते या कामात पटाईत होते, ही त्यातली जास्त दुखरी बाजू.

अशात साहेब कुठल्याशा मोठ्या प्रदर्शनाला जाऊन आले. येताना दुखरे पाय आणि एक विचार घेऊन आले.

"तिकडे फरशीवर कलावंताची सही असते," ते बैठकीत म्हणाले. "आतून आलेली फरशी. आपल्याला आतून आलेली फरशी पाहिजे."

"कोणाच्या आतून, साहेब?" विक्रीप्रमुखांनी वहीत टिपून घेत विचारलं.

"यांच्या."

सगळ्यांनी कलाकारांकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत त्यांच्या आत काही असेल अशी शंका कोणाला आली नव्हती, आणि आता ती एकदम सगळ्यांना आली. आठ दिवस घरी बसा, प्रेरणा घ्या, सहीसकट फरशी आणा, असं ठरलं. आणि नाहीच आणली तर? "तर मग संगणक काढून देईलच," साहेब सौम्यपणे म्हणाले, "तुम्हाला गोदामात शेड जुळवायला बसवू." शेड जुळवणे म्हणजे एका खोक्यातली पांढरी दुसऱ्या खोक्यातल्या पांढरीशी जुळते की नाही, ते निवृत्त होईपर्यंत बघत राहणे. आधीच्या शेड जुळवणाऱ्याला शेवटी शेवटी घरच्या भाताचीही दोन पातेली वेगवेगळी दिसू लागली होती.

जाण्याआधी एचआरच्या बाईंनी त्यांच्या हातात एक छापील फॉर्म ठेवला: प्रेरणा अहवाल, दोन प्रतींत. प्रेरणेचं स्थळ. दिनांक. वेळ, पासून आणि पर्यंत. साक्षीदाराची सही आणि अभिप्राय.

"पासून लिहिता येईल," कलाकार म्हणाले. "पर्यंत कसं लिहू?"

"जेवणाची सुट्टी वजा करून लिहा."

"आणि साक्षीदार कशाला?"

"मागे एकाने आजारपणाची रजा घेऊन घर रंगवलं. तेव्हापासून सगळ्या रजांना साक्षीदार लागतो. आणि हे बघा, प्रेरणा कंपनीच्या आवारात आली तर ती कंपनीची. त्यामुळे शक्यतो इथे घेऊ नका, मला वेगळा फॉर्म काढावा लागेल."

पहिले तीन दिवस प्रेरणा घरीही आली नाही. बाकी सगळं आलं. कलाकारांच्या पत्नी शाळेत गणिताच्या बाई होत्या आणि दुपारी एकला घरी येत. "नाहीतरी घरीच आहात," त्यांनी पहिल्याच दिवशी म्हटलं. ज्या वाक्याच्या सुरुवातीला 'नाहीतरी' येतं त्याच्या शेवटी हटकून काम असतं. त्याप्रमाणे कलाकारांनी पंख्याची पाती पुसली, माळ्यावरचे डबे काढून पुन्हा माळ्यावरच ठेवले, आणि विजेच्या बिलावरचा पत्ता दुरुस्त करायला गेले, तेव्हा खिडकीमागच्या माणसाने त्यांना विचारलं की हा दुरुस्त पत्ता चुकीचा नाही कशावरून.

शेजारपाजारच्यांना सुट्टीचं कारण कळायला अर्धा दिवस लागला. समोरच्या दारातल्या काकू म्हणाल्या, प्रेरणा पोट साफ नसल्यामुळे अडते. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले की त्यांनी आयुष्यात प्रेरणेवाचून सगळं केलं आणि कुठे काही अडलं नाही. विम्याचा धंदा करणारा मेव्हणा मुद्दाम येऊन गेला. "भावोजी, प्रेरणा म्हणजे टार्गेट," तो बूट न काढता म्हणाला. "मला बघा. महिनाअखेर आली की मला आपोआप सुचतं. तुम्ही पॉलिसी घेतलीत तर तुम्हालाही रोज सकाळी काहीतरी सुचेल." कलाकारांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. माणूस ऑफिसला जात असला की त्याला कोणी सल्ला देत नाही. तो घरी बसला की त्याच्या डोक्यावर जणू सल्ल्यांची पेटी टांगली जाते, येता-जाता प्रत्येकाने एक टाकावा.

चौथ्या दिवशी बाईंचं एक बटण झोपायच्या खोलीतल्या कपाटामागे घरंगळलं. नाहीतरी घरीच असल्यामुळे कलाकारांनी कपाट सरकवलं, आणि तिथेच थांबले.

भिंतीवर ओल आली होती. पण ओल म्हणजे आपण म्हणतो तशी नव्हे. मधोमध राखाडी तळं, त्याच्या काठाने चहाच्या रंगाची बारीक रेघ, त्या रेघेबाहेर आणखी एक फिकट रेघ, आणि जिथे दोन रेघा एकमेकींजवळ येत होत्या तिथे हिरवट पांढरी बुरशी, कोणी सुईने टोचून भरल्यासारखी. दुपारचं ऊन तिरपं येत होतं. कलाकार बटण विसरले. ते जमिनीवर बसले. एकोणीस वर्षांत त्यांनी जगातले सगळे दगड आणि सगळी लाकडं उतरवली होती, पण ही नक्षी कुठल्याच दगडात नव्हती आणि कुठल्याच कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नव्हती. ही त्यांच्या भिंतीला आली होती. त्यांच्या आत नव्हे, पण घराच्या आत तर नक्की. त्यांनी फॉर्म काढला आणि 'पासून'च्या पुढे लिहिलं, दोन वाजून दहा मिनिटं.

बाई बटण विचारायला आल्या, तेव्हा ते मांडीवर कागद घेऊन तळ्याचा दुसरा काठ काढत होते.

"अहो, ही ओल आहे."

"हो ना," कलाकार म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो बाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

"वरच्यांच्या मोरीतली आहे. मी आत्ताच्या आत्ता वर जाते."

"तीन दिवस थांब. अगं, उजवीकडचं अजून झालेलं नाही."

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. फरशी एकटी कधी लागत नाही. एकीची उजवी कड दुसरीच्या डाव्या कडेशी जुळावी लागते, नाहीतर भिंत फाटल्यासारखी दिसते. कलाकारांच्या ओलीला डावी कड होती. दोन रेघा तिथून झोकात बाहेर निघत होत्या. उजवीकडे मात्र ती अर्ध्यावरच विरली होती.

"मग उरलेलं मनाने काढा की," बाई म्हणाल्या. गणिताच्या माणसाला हे सोपं वाटतं.

"मनाने कसं काढायचं? समोर काही नको?" कलाकारांनी विचारलं, आणि त्यांना हे मनापासून पडलेलं कोडं होतं.

 बाईंनी तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सरकवलेल्या कपाटावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कलाकारांना पुढे अनेकदा वाटलं.

दोन दिवस निरखल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ओल वाढते ती वरच्यांचं कपडे धुण्याचं मशीन चालतं तेव्हा. मशीन एक दिवसाआड चाले, आणि प्रत्येक धुण्याला रेघ एक बोट पुढे सरके. उजवी कड गाठायला चार धुणी हवी होती आणि रजा संपायला दोन दिवस उरले होते. हे गणित बाईंच्या मदतीवाचून सुटलं. कलाकार जिना चढून वर गेले.

आता हे वरचे म्हणजे भांडणाची जय्यत तयारी ठेवलेला माणूस. खालच्यांकडून गळतीची तक्रार येणार हे गृहीत धरून त्यांनी दोन वर्षांपूर्वीच उत्तराचं पत्र टाइप करून ठेवलं होतं, फक्त तारीख घालायची बाकी होती. दार उघडताच ते म्हणाले, "गळती आमच्याकडून नाही. बाहेरून आहे."

"तक्रार नाही हो," कलाकार म्हणाले. "एक विनंती होती. तुम्ही मशीन रोज दोनदा लावाल का?"

वरच्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. टाइप केलेल्या पत्रात या विनंतीला उत्तर नव्हतं.

"आमच्याकडे इतके कपडे नसतात," शेवटी ते म्हणाले.

"कपडे मी देतो."

आणि त्यांनी खरोखर दिले. चादरी, पडदे, अभ्रे. घरातले मळलेले संपले तसे त्यांनी धुतलेले नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, इस्त्री केलेल्या सहा चादरी छातीशी धरून ते जिना चढत होते, तेव्हा बाई शाळेतून येत होत्या. दोघं जिन्याच्या वळणावर भेटले.

"स्वच्छ आहेत त्या," बाई म्हणाल्या.

"हो."

"धुवायला नेताय."

"हो."

"वरच्यांकडे."

याला 'हो' म्हणण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून कलाकारांनी घसरणारी वरची चादर हनुवटीने दाबून धरली. समोरच्या काकू दार किलकिलं करून सगळं ऐकत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "पोट साफ झालं का हो यांचं?"

वरचे मात्र दोन धुण्यांनंतर घाबरले. खालचा माणूस स्वतःच्या घरात पाणी पाडून घेतोय, तेही स्वतःच्या चादरी आणून; यात पुरावा गोळा करण्याचा डाव असणार. त्यांनी इमारतीच्या सेक्रेटरींना गाठलं. सेक्रेटरी गळ्यात चष्मा आणि बगलेत नियमांची फाइल घेऊन कलाकारांच्या झोपायच्या खोलीत आले. त्यांनी ओल पाहिली, ओलीला हात लावला, हाताचा वास घेतला.

"तक्रार कुठे आहे?"

"तक्रार नाही."

"गळती आहे आणि तक्रार नाही, असं आमच्याकडे नाही," सेक्रेटरी म्हणाले. "तक्रार करा, मी नोंद घेतो. किंवा गळती नाही म्हणा, मी जातो. ही तिसरी गोष्ट कुठल्या रकान्यात घालू?"

अर्धा तास असा गेला. ऊन सरकत चाललं होतं, रेघ ओली होती, आणि उजव्या कडेला फक्त एक बोट राहिलं होतं. शेवटी सेक्रेटरींनी स्वतःच मजकूर सांगितला आणि कलाकारांनी, एक डोळा भिंतीवर ठेवून, लिहून दिला: 'माझ्या घरातील ओल मला मान्य असून ती माझ्या इच्छेने आहे. त्याबद्दल माझी वरच्या मजल्याविरुद्ध आज किंवा यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही.' खाली सही केली. वळणदार, ठसठशीत. फरशीसाठी सराव करून करून हल्ली सही फार सुंदर येत होती. वरच्यांनी त्या कागदाला प्लॅस्टिकचं आवरण चढवून घेतलं.

आठव्या दिवशी दुपारी दीडला शेवटची रेघ उजव्या कडेला टेकली. कलाकारांनी ती टिपली, पेन्सिल खाली ठेवली आणि लांब श्वास सोडला. त्या श्वासाने की कशाने, वरचा गिलावा ताटाएवढा सुटला आणि कपाटावर, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर पडला. त्याच्या मागोमाग पाणीही आलं. सदतीस मुलांची बीजगणितं एकमेकांत मिसळून गेली.

बाई आल्या. त्यांनी गठ्ठा उचलून पिळला. मग साक्षीदाराच्या रकान्यात सही केली आणि अभिप्राय लिहिला: 'प्रेरणा प्रत्यक्ष पाहिली. पुसायला तीन बादल्या लागल्या.'

नमुना भट्टीतून यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात बाई वर जाऊन आल्या, सेक्रेटरींकडे जाऊन आल्या, आणि दोन्हीकडे त्यांना आपल्या नवऱ्याचं सुंदर अक्षर प्लॅस्टिकमधून दाखवण्यात आलं. त्या महिन्यात घरात बोलणं फक्त आकड्यांत झालं: किती पोळ्या, किती वाजता.

पण फरशी आली ती देखणी आली. चार जोडल्या की तळी एकमेकांत ओघळत, रेघा कुठे सुरू होतात ते कळत नसे, आणि प्रत्येकीच्या उजव्या कोपऱ्यात काळ्या बारीक रेषेत सही. साहेब बराच वेळ बघत राहिले. "आतून आलंय," ते म्हणाले.  एकोणीस वर्षांत त्या टेबलावर कोणी त्यांच्या फरशीकडे दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं.

मग चाचणी. चहा ओतला, नाहीसा झाला. केस टाकले, सापडेनात. चिखलाचे बूट चालून गेले आणि चालल्याची खूण राहिली नाही. पुसणाऱ्या बाईने ओलं फडकं विसरून तिथेच टाकलं होतं, तेसुद्धा बैठक संपल्यावर पायाला लागलं तेव्हा कळलं. इतका मळखाऊ माल कारखान्यात कधी झाला नव्हता. दोन्ही हिशेबनीस सहा फुटांवरून डोळे बारीक करून शोधत राहिले. शेवटी एकाने बोट दाखवलं.

"तिथे काहीतरी लागलंय."

"कुठे?"

"कोपऱ्यात. काळं. प्रत्येकीला लागलंय."

दुसऱ्याने चष्मा वर करून पाहिलं. "हां. झुरळाचा पाय असेल."

 विक्रीप्रमुखांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते लिहीत असताना कोणाच्याच नजरेला नजर दिली नाही. "सही जरा मोठी केली तर?" कलाकार म्हणाले. "जरा फिकी केली तर?" मोठी करून पाहिली; दोन पाय दिसले. फिकी करून पाहिली. हिशेबनीस म्हणाले, आता पुसल्यासारखं वाटतंय, पण नीट पुसलेलं नाही.

त्याच आठवड्यात एक बिल्डर माल बघायला आला. त्याने ती फरशी उभी धरली, तिरपी धरली, आणि हळूहळू त्याचा चेहरा फुलला.

"ही भिंतीला लावली," तो म्हणाला, "आणि मागून गळती झाली, तर राहणाऱ्याला कळणार नाही ना?"

विक्रीप्रमुख म्हणाले की हा फायदा त्यांच्या लक्षात आला नव्हता, पण आता छापून घेता येईल. बिल्डरने चारशे घरांच्या भिंतींसाठी फरशी नक्की केली. अट एकच, कोपऱ्यातलं ते काढा. लोक तक्रारी करतात.

साहेबांनी कलाकारांना खिडकीजवळची खुर्ची दिली आणि सहीवाला पहिला, बाद झालेला माल कौतुकाने घरी पाठवला. सोळा खोकी. झोपायच्या खोलीची ती भिंत झाकायला बरोबर पुरली, आणि गिलावा पडलेली भिंत कशाने तरी झाकणं भागच होतं, कारण ती वरच्यांकडून दुरुस्त करून घ्यायचा हक्क सोडून दिल्याचा कागद वरच्यांकडे होता. फरशी लावणाऱ्या मिस्त्रीने प्रत्येक कोपरा आधी ओल्या फडक्याने खसखसून पाहिला. "डागी माल स्वस्तात लावला वाटतं तुम्हाला," तो सहानुभूतीने म्हणाला. कलाकारांनी मान हलवली. दुसरं काय करणार.

आता या सगळ्याची किंमत कोणी काय भरली ते एकदा बघून टाकू. साहेबांनी काही भरलं नाही. ते पुढच्या प्रदर्शनाला गेले. वरच्यांनी काही भरलं नाही; मशीन अजून एक दिवसाआड चालतं. सदतीस मुलांनी एकच परीक्षा दोनदा दिली, त्यांतली नऊ दुसऱ्या खेपेला नापास झाली, आणि त्यांच्या आयांनी शाळेत येऊन बाईंना जे विचारायचं ते विचारलं. बाईंनी तेच पेपर पुन्हा काढले, पुन्हा तपासले, आणि अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. चारशे घरांतली माणसं अजून राहायला यायची आहेत. ती भरतील, पण कशाबद्दल ते त्यांना कळायचं नाही. राहता राहिले कलाकार. ते आतच झोपतात, भिंतीकडे तोंड करून, आणि उठताना त्यांचा उजवा खांदा धरतो. परवा डॉक्टरांनी तो हात वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, घरात कुठे ओल आहे का.

कलाकारांनी जरा विचार केला.

"असेल," ते म्हणाले. "दिसत तरी नाही."